रेसट्रॅकला जाताय? गाडी नंतर बघा, आधी टायर बघा

शेवटी एकदाचं अमेरिकेतल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमधलं, दगड आपोआप सरकतात ते रेसट्रॅक बघून झालं. एकदाचं म्हणजे खरं तर दुसऱ्या खेपेला, कारण पहिल्यांदा गेलो तेव्हा एअरपोर्टवरून भाड्याने घेतलेली एसयूव्ही होती, उबेहेबे क्रेटरपाशी, म्हणजे ज्वालामुखीच्या विवरापाशी, डांबरी रस्ता संपतो तिथे सहज डिकी उघडून स्टेपनी बघितली तर मोटरसायकलला शोभेल असं एक बारीक चाक. तिथूनच मागे वळलो, दादा तेव्हा दिवसभर माझ्याशी धड बोलला नव्हता. यावेळी नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चौघं, मी, बायको, दादा, वहिनी, आणि जाड ऑल टेरेन टायरवाली, मागच्या दाराला फुल साइज स्टेपनी टांगलेली जीप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेसट्रॅक म्हणजे डेथ व्हॅलीच्या आत डोंगरात लपलेला एक वाळलेला तलाव, साडेचार किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद, टेबलासारखा सपाट, आणि त्यावर दगड आपोआप सरकतात, मागे लांब रेघ सोडत. तिथे पोचायला क्रेटरपासून २७ मैल कच्चा रस्ता आहे, म्हणजे ४३ किलोमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही. आम्हाला एका बाजूने दोन तास लागले.

आता एक गोष्ट सांगतो ती नीट ऐका. अख्ख्या दिवसात मी फोर व्हील ड्राइव्हचा लिव्हर एकदाही हलवला नाही. रस्ता कोरडा असेल तर चढ मोठा नाही, चाक रुतेल अशी वाळू नाही, टू व्हील ड्राइव्हवर आरामात निघतं. आणि तरीही हा रस्ता गाड्या खातो, कारण खाली जो दगड आहे तो गोल गोटा नाही, फोडलेल्या खडीसारखा धारदार आहे. लोक भाड्याची चकाचक एसयूव्ही घेऊन येतात, फोर बाय फोर लिहिलंय म्हणून निर्धास्त असतात, आणि टायर मात्र शहरातले पातळ. पार्कवाले स्वतः सांगतात की हाय क्लिअरन्स हवा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून उंच, हेवी ड्यूटी टायर हवेत आणि पूर्ण मापाची स्टेपनी हवी. लोक त्यातलं पहिलंच वाचतात.

दुसरा त्रास वॉशबोर्डचा, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पडलेल्या आडव्या लाटांचा. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं वाटतं, दातावर दात आपटतात, वहिनीच्या हातातल्या बाटलीचं झाकण आपोआप फिरून सुटलं. कुणी म्हणतं स्पीड वाढवा म्हणजे गाडी लाटांच्या डोक्यावरून तरंगत जाते. जाते खरी, पण तरंगणाऱ्या गाडीला ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही अर्धवटच लागतात, आणि त्या स्पीडला टोकदार दगडावर चाक गेलं की टायर गेलाच. आम्ही ताशी १५ मैलांच्या आसपास राहिलो, मागून कुणी आलं की बाजूला होऊन जाऊ दिलं.

टायरमधल्या हवेचं म्हणाल तर क्रेटरपाशी ३६ पीएसआयवरून २८ पर्यंत उतरवली. त्याने हादरे बरेच कमी होतात, टायर दगडावर जरा दबून बसतो. पण म्हणून वाळूत करतात तशी १५-१८ वर आणू नका, टायरचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, बाहेर फुगतो आणि या रस्त्यावर नेमका गालच चिरतो. आणि कॉम्प्रेसर जवळ नसेल तर हवा सोडूच नका, परतताना डांबरी रस्त्यावर कमी हवेत हायवेचा स्पीड म्हणजे टायर तापून फुटायची सोय.

वाटेत जोशुआ ट्रीची झाडी लागते, मग टीकेटल जंक्शन. पाटीवर लोकांनी किटल्या टांगल्यात, प्रत्येकीवर नाव, तारीख, काहीबाही लिहिलेलं. इथून प्लाया, म्हणजे तो वाळलेला तलाव, अजून सहा मैल. आधी ग्रँडस्टँड लागतो, सपाट जमिनीतून वर आलेला काळा खडकाचा ढीग, २२ मीटर उंच. बरेच जण इथेच उतरतात, दगड शोधतात, सापडत नाहीत म्हणून वैतागतात. सरकणारे दगड इथे नाहीतच, अजून दोन मैल दक्षिणेला गाडी न्या, तिथे पार्क करून आग्नेय कोपऱ्याकडे किमान अर्धा मैल चालत जा. दगड त्याच बाजूच्या डोंगरावरून खाली पडतात.

ते सरकतात कसे याचं कोडं फार वर्षं होतं, वारा, चुंबक, परग्रहवासी, सगळं बोलून झालं होतं. मग रिचर्ड आणि जेम्स नॉरिस या चुलतभाऊ संशोधकांनी जीपीएस बसवलेले दगड ठेवले आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते सरकताना प्रत्यक्ष बघितले, निष्कर्ष २०१४ ला छापून आला. हिवाळ्यात तलावात थोडं पाणी साचतं, रात्री त्यावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा धरतो, फक्त काही मिलिमीटर जाड, सकाळी उन्हाने तो फुटतो आणि हलक्या वाऱ्याने त्याचे मोठे तुकडे दगडाला ढकलत नेतात, मिनिटाला दोन ते पाच मीटर. इतक्या सावकाश की शेजारी उभं राहिलात तरी पटकन कळणार नाही. माझी बायको म्हणाली, म्हणजे आपण सकाळी सोसायटीतून गाडी काढतो तसंच. असो.

जमीन ओली असेल तर आत पाय टाकू नका. एक पाऊल उमटलं की ते वर्षानुवर्षं राहतं. गाडी तर अजिबात नाही. २०१६ मध्ये कुणीतरी प्लायावर गाडी फिरवून मैलोनमैल चाकोऱ्या पाडून ठेवल्या होत्या, अशा माणसाला काय म्हणावं.

फोटोसाठी तिरकं ऊन हवं म्हणून रेंगाळलो आणि तिथेच चुकलो. नोव्हेंबरअखेर साडेचारलाच सूर्य जातो. टीकेटल मागे टाकून तीनेक मैल आलो असू, वहिनी म्हणाली "अहो, कसला तरी फटफट आवाज येतोय", दादा म्हणाला वॉशबोर्ड आहे, मीही मान डोलावली. वॉशबोर्ड नव्हता. उजवं मागचं चाक बसलेलं, गालाला बोटभर चीर. पंक्चर किट होतं पण त्याची वात फक्त टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात चालते, गालाच्या चिरेला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग एकेक गंमत. जॅक लावला तर गाडी वर जायच्याऐवजी जॅकच भुसभुशीत जमिनीत खाली, शेवटी भाजी चिरायचा जाड लाकडी पाट त्याखाली दिला. मग एका नटाला पाना बसेना, कारण तो लॉक नट, त्याला वेगळी चावी लागते. गाडी घेताना मी हा प्रश्न विचारला नव्हता. वीस मिनिटं टॉर्च तोंडात धरून गाडी उलटीपालटी केली, चावी सापडली सीटखालच्या पाऊचमध्ये. मोबाइलला रेंज शून्य, त्या तासाभरात एकही गाडी आली नाही, आणि टो ट्रक आलाच असता तर त्याच्या बिलात आमची पुढची ट्रिप झाली असती. तेव्हा निघण्याआधी पार्किंगमध्येच एकदा चाक काढून परत लावून बघा. हसतील लोक, हसू दे.

बाकी पटापट. पेट्रोल स्टोव्हपाइप वेल्स किंवा फर्नेस क्रीकला भरा, त्यापुढे नाही. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, वर गाडी अडकली तर म्हणून तेवढंच अजून. उन्हाळ्यात जाऊच नका, फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ ला ५६.७ अंश नोंदलेत. उलट रेसट्रॅक अकराशे मीटरवर आहे, नोव्हेंबरात अंधार पडल्यावर आम्ही चाक बदलताना कुडकुडत होतो, तेव्हा जॅकेट हाताशी ठेवा. मॅप ऑफलाइन घ्या, आणि नेव्हिगेशनने लिपिनकॉट माइन रोडने जवळचा रस्ता दाखवला तरी ऐकू नका, तो अरुंद, तीव्र उताराचा, एका बाजूला दरीचा आहे, तिथे मात्र फोर व्हील ड्राइव्ह खरंच लागतो आणि ड्रायव्हरही तसाच लागतो. पावसानंतर निघण्याच्या दिवशी सकाळी पार्कच्या साइटवर रस्ते चालू आहेत का बघा, ऑगस्ट २०२३ च्या हिलरी वादळाने अख्खं पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं.

स्टेपनी लावल्यावर उरलेला रस्ता ताशी दहा मैलांनी आलो, कारण आता मागे दुसरी नव्हती. जमलं तर दोन स्टेपन्या न्या. आणि गाडी घेताना इन्शुरन्समध्ये टायर आहे का ते विचारा, आमच्यात नव्हता.