पिन अडकली

दुपारी जेवण झालं की मी पेपर घेऊन आडवा होतो आणि त्यातल्या चुका काढतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधन केलं, आता निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण उशाशी लाल पेन लागतंच. परवा अशाच एका 'करण्यात येण्यात आले'वर काट मारत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक आवाज आला. मुलगी आली होती. ओट्यावर फोन ठेवून भांडी घासत होती आणि फोनमधून एक माणूस काहीतरी म्हणायला लागत होता. म्हणत नव्हता, नुसता लागत होता. अर्धं अक्षर, मग शांतता, मग पियानोचा एक सूर, मग पुन्हा तेच अर्धं अक्षर.

"अगं, अडकलंय बघ ते," मी आतूनच ओरडलो.

"अडकलं नाहीये, बाबा. तसंच आहे."

दोन मिनिटं गेली. पुन्हा तेच.

"अगं, पिन अडकली त्याची."

आता ती हसली. या मुलीने आयुष्यात ग्रामोफोनची पिन पाहिलेली नाही. तरी गॅस बंद केलास का, हे मी तिसऱ्यांदा विचारलं की तीच मला म्हणते, "बाबा, पिन अडकली." यंत्र गेलं, पिन गेली, अडकणं तेवढं राहिलं.

हात पुसत ती आली आणि तिने माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "फोनवर नको ऐकूस. खालचं सगळं जातं त्यात."

खालचं म्हणजे काय, ते लगेच कळलं. फोनवर ज्याला मी शांतता समजत होतो, ती शांतता नव्हतीच. तिथे एक खोल घुमारा होता, गणपतीत चार गल्ल्या पलीकडे ढोल वाजत असला की खिडकीच्या काचेला कळतं पण कानाला कळत नाही, त्या जातीचा. सेकंदाला पन्नास-साठ कंपनांचा सूर हलवायचा तर पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. तो बिचारा वरवरचं तेवढं सांगतो. छपाईत काळी प्लेट लागलीच नाही तर चित्र दिसतं तसं मी ते गाणं ऐकत होतो.

गाणारा जेम्स ब्लेक. लंडनचा, गोल्डस्मिथ्स कॉलेजात संगीत शिकलेला. हे त्याचं २०१० सालचं काम, म्हणजे तेव्हा वय बावीस. नाव 'क्लावियरवेर्के'. जर्मनमध्ये याचा अर्थ 'पियानोसाठीच्या रचना', म्हणजे ब्राम्ससारख्या जुन्या जर्मन संगीतकाराच्या स्वरलिपीच्या जाडजूड बांधणीवर सोनेरी अक्षरांत शोभावं असं नाव. आणि आत काय, तर चारच रचना, वीस मिनिटांच्या आत खेळ खलास. त्याच वर्षी त्याने आणखी एक छोटी तबकडी काढली होती, तिचं नाव 'सीएमवायके'. हे ऐकल्यावर मात्र मी उठून बसलो. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा! आमच्या धंद्यातल्या चार शाया! लोकांना वाटतं के म्हणजे ब्लॅकमधला शेवटचा के. तो 'की'चा के, ज्या प्लेटवर बाकीच्या तिन्ही जुळवतात तिचा. हे मी मुलीला सांगितलं. तिने ते आधी किमान सहा वेळा ऐकलेलं होतं.

ती म्हणाली, 'सीएमवायके'मध्ये त्याने दुसऱ्या गायिकांच्या आवाजाचे तुकडे कापून वापरले होते. नंतरच्या या चार रचनांत त्याने कात्री बहुतेक स्वतःच्याच आवाजाला लावली. आधी गायचं, मग ते गाणं यंत्रात घालून त्याची अक्षरं सुटी करायची, एखादं ताणायचं, एखादं वर चढवायचं, एखादं पंधरा वेळा तेच ते ठेवायचं. शब्द काय होते, ते शेवटपर्यंत लागत नाही. माणूस दुःखी आहे एवढं नक्की लागतं. एका रचनेत तर मागे सतत बारीक सुस्कार आहे, कोऱ्या कॅसेटला असायचा तसा. तो त्याने काढलेला नाही. उलट आवाज थांबला की तो सुस्कारच पुढे येतो आणि खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं.

मी आयुष्यभर लोकांच्या लेखनातली द्विरुक्ती कापली. 'परत पुन्हा' दिसलं की एकाला काट. आणि हा पोरगा द्विरुक्तीवरच घर बांधून बसलेला. माझा हात शिवशिवत होता, हे कबूल करतो. पण हेडफोनही काढवत नव्हते.

आमच्या मिरजेच्या घरी फिएस्टा होता. झाकण लावलं की छोट्या सुटकेसएवढा दिसणारा रेकॉर्ड प्लेअर. ७८ आरपीएमच्या जड, काळ्या तबकड्या आजोबांच्या. त्या फुटत, म्हणून आम्हाला हात लावायची बंदी. आम्हाला परवानगी ईपींची. सात इंची, पंचेचाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या, एका बाजूला दोन नि दुसऱ्या बाजूला दोन अशी चार गाणी. त्यामुळे 'हा चार गाण्यांचा ईपी आहे बाबा', असं मुलगी मला नवीन काहीतरी समजावल्यासारखं सांगते तेव्हा मी गप्प बसतो. ईपी म्हणजे काय ते आमच्या पिढीला बोटांनी ठाऊक आहे. कडेने धरायची, फुंकर मारायची, आणि वडील घरात नसले तर पिन खाली ठेवताना श्वास रोखायचा.

त्यातल्या एका भावगीताच्या ईपीवर ओरखडा होता. कुणी पाडला, हे आजवर सिद्ध झालेलं नाही; संशय माझ्यावर. गाणं मजेत चाललेलं असायचं आणि दुसऱ्या कडव्यात बाईंचा आवाज 'सां'वर अडकायचा. सां, सां, सां, सां. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, बघा ते." मग वडील उठायचे, बोटाच्या टोकाने पिनेच्या दांडीला हलकेच टिचकी द्यायचे आणि पिन उडी मारून थेट पुढच्या ओळीत. पुढे पुढे त्यांनी पिनेच्या डोक्यावर चाराण्याचं नाणं चिकटपट्टीने लावून ठेवलं. त्याने बाकी सगळे ओरखडे पार झाले, हा एक सोडून. वजनाने रेकॉर्ड झिजते, हे आम्हाला नंतर कळलं.

तर तो शब्द आमच्या घरात कुणी कधी पुरता ऐकला नाही. 'सांज' असेल असं माझं मत. थोरली बहीण म्हणायची 'सांजवात'. एका उन्हाळ्यात यावर आमची मारामारी झाली. मला तो अडका इतका पाठ की शाळेच्या गॅदरिंगमध्ये ते गाणं म्हणताना मी चार वेळा सां, सां केलं आणि मगच पुढे गेलो. लोकांना वाटलं पोरगं घाबरलं. पुष्कळ वर्षांनी कुठल्याशा लग्नाच्या मांडवात ते गाणं धड लागलं. हातातली जिलबी तशीच धरून मी कान टवकारून उभा राहिलो. शब्द होता 'सांग'. नुसतं सांग! असा विरस झाला म्हणून सांगू. बहिणीला मी हे अजून कळवलेलं नाही.

मिरजेचा विषय निघाला की सतारमेकर गल्ली येणारच. शाळेतून येताना मुद्दाम त्या गल्लीतून यायचं. दारातच भोपळे रचलेले, पंढरपूरकडून आलेले, वाळून हलके झालेले. आत एखादे चाचा तंबोऱ्याची जवारी काढत बसलेले असायचे. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. मला तेव्हा वाटायचं, हे खरखर घालवताहेत. एकदा विचारलंही. ते म्हणाले, "घालवत नाही बाळ, आणतोय." तारेखाली सुताचा धागा असतो, तो केसभर इकडे-तिकडे सरकवला की मुकी तार एकदम झणाणू लागते. धागा काढला की सूर अगदी स्वच्छ. स्वच्छ आणि मेलेला. तिसरी-चौथीतल्या पोराला यातलं काय कळणार! मला त्या भोपळ्यांवर टकटक करायला आवडायचं, आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या आहेत.

मुलीने तेवढ्यात दुसरं गाणं लावलं होतं. ब्लेकचंच, २०११च्या अल्बममधलं. यात शब्द लागतात. मोजून चार-पाच ओळी, त्याच त्या फिरून येतात आणि दर फेरीला त्यांच्यावर आवाजाचा एकेक थर चढत जातो. शेवटी गाणारा त्या गजबजाटाखाली बुडतो, पण म्हणायचं थांबत नाही. "हे त्याच्या वडिलांचं गाणं आहे," मुलगी म्हणाली. वडील जेम्स लिदरलँड, साठच्या दशकाच्या अखेरीला कोलोसियम नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे आणि गायचे. मुलाने बापाच्या गाण्यातल्या थोड्याच ओळी ठेवल्या, बाकी सोडून दिल्या.

"वडिलांना चाललं?" मी विचारलं.

"मला काय माहीत, बाबा!"

माझे वडील गात नसत. पण त्यांना रेकॉर्डिंगचा सोस होता. टेपरेकॉर्डर घरात आला तेव्हा तो रेडिओसमोर पाटावर ठेवायचा, सांगली केंद्रावर आवडीचं काही लागायची वेळ झाली की प्ले आणि रेकॉर्डची बटणं एकदम दाबायची आणि घराने अर्धा तास मुकं व्हायचं, अशी पद्धत होती. घर अर्थातच मुकं व्हायचं नाही. त्या कॅसेटींमध्ये भीमपलासातल्या ख्यालात आमच्या कुकरच्या तीन शिट्या आहेत. एकीत दूधवाला आहे. आणि एका कॅसेटच्या अगदी सुरुवातीला, बटण दाबल्याचा खट् आवाज, मग वडील विचारतात, "चालू झालं का?" आणि मी म्हणतो, "हं." तेव्हा माझा आवाज फुटत होता, त्यामुळे तो हं दोन तुकड्यांत आहे.

वडील १९९१ मध्ये गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. तेव्हा कुणाला सुचत होतं! फोटो आहेत, पासबुकावरची सही आहे, आवाज म्हणाल तर हे तीन शब्द.

निवृत्त झालो त्या वर्षी त्या सगळ्या कॅसेटी घेऊन एका दुकानात गेलो. जुन्या टेपांचं डिजिटल करून देणारा मुलगा होता, मोठा विनयी. आठवड्याने त्याने पेनड्राइव्ह हातात ठेवला आणि उत्साहाने म्हणाला, "काका, एकदम क्लीन करून दिलंय. खरखर काढली, कुकरबिकर होता तो पण काढला. आणि सुरुवातीला कुणीतरी बोलत होतं, ते कट केलं. आता डायरेक्ट गाणं चालू होतं."

मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच कापलं असतं. पैसेही त्याने कमीच घेतले. त्याच्याकडच्या मूळ फाइलींचं विचारलं तर म्हणाला, जागा लागते काका, लगेच उडवतो.

हे मी घरात कुणाला बोललो नव्हतो. परवा हेडफोन कानांवर असताना बोलून गेलो, आणि हेडफोनमुळे जरा मोठ्यानेच. मुलगी भांडी तशीच टाकून समोर येऊन बसली.

"कॅसेट आहे ना पण?"

"आहे. कपाटात. पंख्याच्या गॅरंटी कार्डाखाली."

"मग दे ना. मी दुसरीकडून करून आणते. जसंच्या तसं करा म्हणून सांगते."

दिवाळीनंतर बघू, म्हटलं. ती म्हणाली, दिवाळीला सहा महिने आहेत. तेही खरं. मग मी पेपर उचलला आणि ती उरलेली भांडी घासायला गेली. या वेळी फोन ओट्यावर नव्हता, नुसतं पाणी वाजत होतं.

माझ्या डोक्यात वडील हल्ली विचारतात, "चालू झालं का रे?" हा 'रे' पूर्वी नव्हता. किंवा होता, आणि मीच इतकी वर्षं तो गाळून ऐकत होतो. मी तीन शब्द म्हणतो, त्यांत तो धरलेला नाही. एरवी असा प्रश्न पडला की मी मूळ प्रत काढून अक्षरावर बोट ठेवून तपासतो.

कॅसेट कपाटात आहे.