तुम्ही विचारलेत म्हणून : मी रांग का सोडली

राष्ट्रीय विमान कंपनीतली पक्की नोकरी सोडून मी स्वस्त तिकिटांच्या कंपनीत का गेले, हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसे विचारतात. नातेवाइकांच्या प्रश्नात हळहळ असते. सहवैमानिकांच्या प्रश्नात हिशेब असतो, कारण त्यांना माझे नव्हे तर स्वतःचे उत्तर हवे असते. पगार आणि प्रतिष्ठा या विषयांवर मी इतके बोलले आहे की ते इथे वगळते.

आमच्या व्यवसायात अनुभव बरोबर नेता येतो, सिनिऑरिटी नेता येत नाही. लॉगबुकात हजारो तास असले तरी नव्या कंपनीच्या यादीत नाव तळाशी लागते. आणि कोणते विमान, कोणता बेस, कोणती सुटी, कपात झाल्यास आधी कोण, हे बहुतेक जुन्या कंपन्यांत त्या यादीवरूनच ठरते. माझ्या पुढचे बरेच जण माझ्याच वयाचे होते, आणि त्यांच्याही पुढे असलेल्यांचे निघणे लांबले होते, कारण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2006 मध्ये कॅप्टनची वयोमर्यादा 60 वरून 65 केली होती. स्वस्त तिकिटांच्या कंपनीचा ताफा मात्र वाढत होता, आणि वाढत्या ताफ्याला कॅप्टन लागतातच. मला कमांड, म्हणजे कॅप्टनची जागा, हवी होती. त्यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

‘राष्ट्रीय कंपनी बुडत नाही’ असे ऐकवणाऱ्यांना मी तीन तारखा सांगते. इंधनाला पैसे नाहीत म्हणून स्विसएअरची विमाने 2 ऑक्टोबर 2001 रोजी जमिनीवर राहिली, हंगेरीची मालेव 3 फेब्रुवारी 2012 रोजी थांबली, आणि अलितालियाचे शेवटचे उड्डाण 14 ऑक्टोबर 2021 रोजी झाले. मात्र आइसलंडची स्वस्त दरांची वॉव एअरही 28 मार्च 2019 रोजी बंद पडली, हे मी वादाच्या भरात सांगत नाही, इथे सांगते.

खरे उत्तर एका संध्याकाळी दडलेले आहे. कमांड मिळून फार काळ झाला नव्हता. दिवसाचे चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, होती, तिसऱ्याला वादळी ढगांमुळे उशीर झाला आणि चौथ्यासाठी प्रवासी चढून बसलेले असताना ऑप्सचा, म्हणजे उड्डाणांचे नियोजन पाहणाऱ्या विभागाचा, फोन आला, “कॅप्टन, डिस्क्रिशन घेणार ना?” अनपेक्षित अडचण आल्यास ड्यूटीची मुदत वाढवण्याचा अधिकार कमांडरला असतो. युरोपच्या नियमावलीत आमच्यासारख्या दोन वैमानिकांच्या क्रूसाठी ही वाढ जास्तीत जास्त दोन तासांची आहे, आणि या अधिकाराच्या वापरावरून कोणाला शिक्षा होऊ नये, असेही तीच नियमावली सांगते. कागदावर आम्ही त्या मुदतीत बसत होतो, जेमतेम. मी सहवैमानिकाला कसे वाटते आहे ते विचारले. “मी ठीक आहे, मॅडम,” तो म्हणाला. आधीच्या सेक्टरला टॉवरने दिलेली फ्रीक्वेन्सी त्याने दोनदा चुकीची परत सांगितली होती, आणि दुसऱ्या वेळची चूक माझ्याही उशिराच लक्षात आली होती. मी ऑप्सला नाही म्हटले. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा आला. मी पुन्हा नाही म्हटले.

केबिन क्रूला पुढे करण्यापेक्षा मी स्वतःच हँडसेट घेऊन प्रवाशांसमोर उभी राहिले. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारले, “म्हणजे तुम्ही दमलात म्हणून आम्ही रात्र इथे काढायची?” मी म्हटले, “होय.” दुसरे कोणते उत्तर सभ्य ठरले असते, ते मला आजही सुचलेले नाही.

शिक्षा झाली नाही. अहवाल मागितला गेला, मग बोलावणे आले, बोलणे अत्यंत सौजन्यपूर्ण होते. पुढे प्रशिक्षक-कॅप्टनांची यादी लागली, तीत माझे नाव नव्हते. या दोहोंचा संबंध होता हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि नव्हता असेही मला कोणी सांगितलेले नाही.

जुन्या कंपनीत त्या विमानतळावर बहुधा राखीव क्रू मिळाला असता, हे मला मान्य आहे. पण तिथे तो निर्णय माझा नसताच. मी उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर बसून “मी ठीक आहे, सर” म्हणत असते, आणि डावीकडच्या माणसाने माझ्यासाठी नाही म्हणावे याची वाट पाहत असते. म्हणून हळहळ करणाऱ्यांचे मला पटत नाही. तरीही राजीनामा लिहिणाऱ्या त्या वेळच्या मला एक विचारावेसे वाटते : तुला कमांड हवी होती, की फक्त रांगेतून सुटका? ती म्हणेल, माझ्या वयाच्या माणसांमागे उभे राहून बघ, मग फरक सांग. ती हट्टी आहे, आणि तिचे अगदीच चूक आहे असे मला म्हणता येत नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांनी मुलाखतीत टाइप रेटिंगचा (त्या प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचा) बॉण्ड, म्हणजे कंपनी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा, हे जरूर विचारावे. पण त्याआधी शेवटच्या सेक्टरला राखीव क्रू कुठे असतो आणि डिस्क्रिशन नाकारल्यावर कोणाचा फोन येतो, हे तिथे आधीच उडणाऱ्यांना गाठून विचारावे. आणि मी आज पुन्हा हेच केले असते का, हे मला विचारायचे असेल, तर आधी माझे त्या आठवड्याचे रोस्टर पाहून घ्यावे.