आधी वायर काढा

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींकडे ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम, आला तो दिवस. पहिला फोन अकाउंट्समधून. "साहेब, कॉम्प्युटर म्हणतोय एका मिनिटात बंद होणार." म्हटलं, "होऊ द्या, परत चालू करा." तर म्हणाले, "सकाळपासून तेच करतोय!" तोवर दुसरी लाइन वाजायला लागली होती.

स्क्रीनवर एक चौकट: 'रिमोट प्रोसीजर कॉल' (आरपीसी) ही विंडोजची आतली सेवा अचानक बंद पडली आहे, आणि खाली साठपासून उलटे धावणारे सेकंद. हे विंडोज एक्सपीवर. विंडोज २००० च्या मशीनवर मोजणी नव्हती, पण कॉपी-पेस्ट चालेना. भंगारात काढायच्या यादीतली विंडोज ९८ ची मशीन्स मात्र निवांत चालू होती, कारण वर्म ज्यातून शिरायचा ते भोक त्यांच्यात नव्हतंच.

रनमध्ये 'शटडाउन -ए' टाइप केलं की मोजणी थांबते, एवढं सगळ्यांना फोनवर सांगून श्वास घ्यायला वेळ मिळाला. टास्क मॅनेजरमध्ये एमएसब्लास्ट नावाची प्रोसेस दिसली. आमच्यातल्या एका उत्साही पोराने ती मारली, फाइल पुसली, रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतली, नोंद काढली आणि "झालं!" म्हणून पुढच्या टेबलाकडे गेला. चहा यायच्या आत ते मशीन पुन्हा मोजायला लागलं.

ब्लास्टर वर्मची खोच इथेच होती. ना मेल उघडायला लागायची, ना कसली फाइल. लागण झालेलं मशीन शेजाऱ्यांच्या १३५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या एका दारावर, धडका देत राहायचं. दार उघडं मिळालं की आत शिरून समोरच्या मशीनलाच सांगायचं, माझी फाइल माझ्याकडून ओढून घे. समोर एक्सपी आहे की २००० हे तो अंदाजाने ठरवायचा, आणि अंदाज चुकला की आरपीसी कोसळायची. त्यामुळे मोजणी दिसली म्हणजे लागण झालीच असं नाही, आणि नाही दिसली म्हणून सुटलात असंही नाही. हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. "माझं तर छान चाललंय, माझी वायर का काढताय?" मी उत्तर न देता वायर काढत होतो.

क्रम महत्त्वाचा होता: नेटवर्कची वायर काढा, पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) टाका, रीस्टार्ट करा, मग साफसफाई. उलटं केलं तर भोक उघडंच राहतं. पॅच तर मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता. पण तो डाउनलोड करायला मशीन नेटवर जोडायचं, तर पॅच उतरण्याआधी वर्म हजर. म्हणून एका स्वच्छ मशीनवर सीडी जाळल्या आणि त्या घेऊन मजल्यामजल्यावर फिरलो. एक्सपीत स्वतःचा फायरवॉल, म्हणजे अशा दारांवरचा पहारेकरी, होता, पण बंद स्थितीत यायचा. तो आपणहून चालू मिळायला २००४ चा सर्व्हिस पॅक २ यावा लागला. माझ्या मते या प्रकरणात खरा राग यायला हवा तो याचा.

आमच्या मुख्य फायरवॉलवर १३५ बंदच होता. मग हा आला कुठून? स्विचचे दिवे बघत एक-एक केबल ओढत गेलो, तर माग थेट एका वरिष्ठांच्या लॅपटॉपपर्यंत. रात्री घरी डायल-अपवर मेल बघितले होते, सकाळी येऊन लॅपटॉप आत जोडला. "पण मी काही उघडलंच नाही हो," ते म्हणाले. अगदी खरं होतं ते.

१६ तारखेला सगळ्या लागण झालेल्या मशीन्सनी मिळून विंडोजच्या अपडेट साइटवर हल्ला करायचा, असा बेत वर्मच्या आतच लिहिलेला होता. पण त्यात दिलेला पत्ता फक्त मूळ साइटकडे वळवणारा होता. मायक्रोसॉफ्टने तो पत्ताच बंद केला आणि हल्ल्याचा बार फुसका निघाला.

आम्ही हुश्श म्हणतोय तोवर १८ तारखेच्या सुमारास वेल्चिया आला. हा म्हणे परोपकारी: त्याच भोकातून शिरायचा, ब्लास्टर पुसायचा, पॅचही स्वतः डाउनलोड करायचा. पण पुढचं मशीन शोधताना इतके पिंग ('कोणी आहे का?' विचारणाऱ्या हाका) सोडायचा की ब्लास्टरपेक्षा यानेच नेटवर्क जास्त तुंबायचं. पुन्हा सीडी, पुन्हा मजले. २००४ उजाडलं की स्वतःला काढून टाकायचं, अशी सोयही त्यात लिहिलेली होती. आम्ही काही तेवढा धीर धरला नाही.