हा ताण कुणी दिला?

काल चौथ्यांदा आरएनए काढला, आणि पहिल्यांदाच त्यावर विश्वास ठेवावासा वाटला.

क्षयाचा जिवाणू मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीने गिळला की त्याच्या सुमारे ४००० जनुकांपैकी कोणती कामाला लागतात, हे मी शोधते. एच३७आरव्ही या वाणाचा जीनोम १९९८ मध्येच वाचून झाला, त्यामुळे जनुकांची यादी आयती मिळते. पण फ्लास्कमध्ये ग्लिसरॉलवर पोसलेला जिवाणू आणि पेशीत कोंडलेला जिवाणू एकसारखे वागत नाहीत.

पेशी टीएचपी-१ वाणाच्या. १९८० मध्ये जपानमध्ये ल्युकेमिया झालेल्या एक वर्षाच्या मुलाच्या रक्तातून त्या वाढवल्या गेल्या. प्लेट हातात घेताना मला तो दरवेळी आठवतो.

जिवाणूचा बराचसा एमआरएनए, म्हणजे कामाला लागलेल्या जनुकाची तात्पुरती प्रत, काही मिनिटांतच तुटून जातो. पहिल्या तीन वेळा मी पेशी खरवडल्या, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज केल्या आणि मग बफर घातलं. ताण आल्यावर कामाला लागणारी जनुकं उसळलेली दिसली. मी आनंदाने आलेख घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, "अगं, हा ताण पेशीने दिला की तुझ्या सेंट्रिफ्यूजने?" तीन महिन्यांचं काम होतं ते. रात्रभर झोप लागली नाही.

आता माध्यम काढलं की लगेच प्लेटमध्येच ग्वानिडिन थायोसायनेटचं पेशी फोडणारं बफर ओतते. मानवी पेशी फुटतात. जिवाणूची मेणचट भिंत मात्र टिकते आणि आतला आरएनए त्या क्षणी होता तसाच थांबतो. पेशीचा आरएनए जिवाणूच्या शेकडो पट असतो, तो इथेच बराचसा निघून जातो. मग जिवाणू खाली बसवायचे आणि ०.१ मिमीच्या झिरकोनिया मण्यांबरोबर जोरात घुसळायचे.

फ्लास्कमधल्या जिवाणूंनाही यावेळी अगदी हेच सगळं केलं. मागची उसळी गायब झाली. चरबीवर जगायला लागणाऱ्या एन्झाइमचं जनुक आयसीएल-१ मात्र ठळकपणे वर, आणि लोह ओढून घेणाऱ्या मायकोबॅक्टिनची जनुकंही. म्हणजे आत गेल्यावर तो चरबीवर जगतोय आणि लोहाला मुकलाय. इतरांनी हे आधीच दाखवलंय, तरी माझ्या हातून ते दिसणं मला हवं होतं. आयसीएलची दोन्ही जनुकं काढून टाकली तर उंदराच्या फुप्फुसात हा जिवाणू तगत नाही. म्हणूनच औषध शोधणारे या एन्झाइमच्या मागे आहेत.

मंगळवारी पुन्हा: जिवाणू पेशीत गेल्यानंतर ४, २४ आणि ७२ तासांनी. बफर आजच करून ठेवलंय.