मागच्या रांगेतली माणसं

रॉकवर बोलायला बसलं की सगळा वेळ गिटारिस्ट आणि सिंगर यांच्यावरच जातो, लेड झेपेलिनचा पेज मोठा की डीप पर्पलचा ब्लॅकमोर, पिंक फ्लॉइडच्या गिलमोरचा टोन, क्वीनच्या फ्रेडीचा आवाज वगैरे. मलाही हे सगळे प्रचंड आवडतात, तो प्रश्नच नाही. पण माझं ठाम मत आहे की बँडचा स्वतःचा म्हणून जो आवाज असतो ना, ज्याच्यावरून सुरुवातीच्या काही सेकंदांतच ओळखू येतं की हे कोण, तो बऱ्याचदा मागे बसलेल्या माणसाचा असतो. कीबोर्डवाला, बेसिस्ट, ड्रमर. आणि हे पटवून घ्यायचं असेल तर तो माणूस ज्यात नाहीये तो अल्बम ऐका.

पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवाला रिचर्ड राइट घ्या. 1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर लोक बोलतात ते बेसिस्ट वॉटर्सच्या शब्दांवर आणि गिलमोरच्या सोलोवर, पण त्या अल्बमला जो एक ओलावा आहे, तरंगत राहिल्यासारखं जे वाटतं, ते राइटचं आहे. माणूस मुळात जॅझचा वेडा. 'ब्रीद' गाण्यातली एक कॉर्ड आपण जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमवरून घेतली हे त्याने स्वतःच सांगितलंय, आणि एकदा हे माहीत झालं की ती कॉर्ड दर वेळी कानात वेगळी उठून येते. 'अस अँड देम'ची चाल त्याचीच, ती आधी अँटोनिओनीच्या 'झब्रिस्की पॉइंट' सिनेमासाठी केली होती, अँटोनिओनीला ती फार उदास वाटली म्हणून घेतली नाही. बरं झालं नाही घेतली! 'द ग्रेट गिग इन द स्काय' पण त्याचंच, पियानोवर त्याने रचलेलं आणि वर क्लेअर टोरीचा तो बिनशब्दांचा आवाज. म्हणजे त्या अल्बममध्ये आतून हलवून टाकणाऱ्या ज्या जागा आहेत त्यातल्या कितीतरी या शांत माणसाच्या आहेत.

पुढे 'द वॉल' अल्बमच्या वेळी राइटला बँडमधून काढलं, आणि त्या टूरवर तो पगारी वादक म्हणून वाजवायला गेला. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलेलं, अजूनही वाटतं. नंतर 1983 चा 'द फायनल कट' आला, त्यात राइट नाहीच. वॉटर्सने त्यात जीव ओतलाय, युद्धात गेलेल्या वडिलांचं दुःख खरं आहे, शब्द तर जबरदस्त आहेत, पण मला तो अल्बम कोरडा वाटतो, गाणी एकमेकांना धरून ठेवत नाहीत, शब्दांना टेकायला खाली काही नाही. राइट 2008 मध्ये गेला, त्यानंतर गिलमोरने फ्लॉइडचं 'एकोज' हे गाणं स्टेजवर वाजवलेलं नाही, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं कारण सुरुवातीचा तो पियानोचा एकच टिंग करणारा सूर दुसऱ्या कोणी वाजवावा असं वाटतच नाही.

मेटालिकाचं तर याहून स्पष्ट आहे. त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टन 1986 मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, 24 वर्षांचा होता, 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बम येऊन काही महिने झालेले. त्यातलं 'ओरायन' ऐका, बेस तिथे नुसता ताल धरत नाही, गाणं पुढे नेतो. आणि मग 1988 चा 'अँड जस्टिस फॉर ऑल', गाणी एकापेक्षा एक, 'वन' तर माझ्या मते त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम, पण मिक्सिंगमध्ये बेस इतका खाली दाबलाय की नवा बेसिस्ट जेसन न्यूस्टेड वाजवतोय हे कळतच नाही. नुसतं हाडांवर हाड आपटल्यासारखा आवाज. नव्या माणसाने एवढी मेहनत घेतली आणि ती कोणाला ऐकूच येऊ नये हा अन्याय आहे, याबाबतीत मी कोणाचं ऐकणार नाही. फॅन लोकांनी बेस वाढवून केलेल्या व्हर्जन नेटवर फिरत असतात, मिळाली तर जरूर ऐका, तोच अल्बम एकदम भरलेला वाटतो.

डीप पर्पलच्या कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डवर तर खरं वेगळं लिहायला पाहिजे. हॅमंड ऑर्गन मार्शल अँपला जोडून त्याने असा काही करकरीत आवाज काढला की त्यांच्या 'मशीन हेड' अल्बमवर बऱ्याच ठिकाणी गिटार कुठे संपते आणि ऑर्गन कुठे चालू होतो हेच समजत नाही. क्वीनचा बेसिस्ट जॉन डीकन पण तसाच, कमी बोलणारा, आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणं याचं! रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सबद्दल एवढंच म्हणेन की ड्रमरने किती कमी वाजवावं हे त्याच्याकडून शिकावं.

पण माझा सगळ्यात लाडका लेड झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स, बेस आणि कीबोर्ड वाजवणारा. 'ब्लॅक डॉग' गाण्याचा तो वेडावाकडा रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा तुकडा, पेजचा वाटतो ना, तो जोन्सने आणलेला. 'नो क्वार्टर'चं ते धुक्यातलं वातावरणही त्याचंच. म्हणूनच झेपेलिनचा 1979 चा 'इन थ्रू द आउट डोर' लोक यादीत एवढा खाली का टाकतात हे मला अजिबात पटत नाही. सिंथेसायझर जास्त आहे म्हणे. अरे पण तो जोन्सचा अल्बम आहे, त्या वेळी बाकीचे आपापल्या अडचणींत होते आणि त्याने आणि गायक प्लँटने मिळून तो उभा केला, पेजचं नावच नाही अशी दोन गाणी त्यात आहेत. त्यातलं एक 'ऑल माय लव्ह', प्लँटचा पाच वर्षांचा मुलगा 1977 मध्ये गेला त्याच्यासाठी केलेलं. मध्ये जोन्सचा जो कीबोर्डचा सोलो येतो तो गोड आहे म्हणून काही जण नाकं मुरडतात, पण मुलासाठीच्या गाण्यात आणखी काय वाजवायचं होतं त्याने? माझ्या यादीत हा अल्बम 'प्रेझेन्स'च्या वर आहे, आणि 'कोडा'च्या तर कितीतरी वर.