हक्क की जंगल? नमुना क भरून पाहा

‘मानवी हक्क आणि पर्यावरण रक्षण समाजाला गरजेचं आहे का?’ हा वक्तृत्व स्पर्धांचा ठरलेला विषय. एक जण माणसाच्या बाजूने, दुसरा झाडाच्या बाजूने, आणि शेवटी परीक्षक ‘समतोल हवा’ म्हणत शाल-श्रीफळ घेऊन मोकळे. ज्या गावांचं पोट जंगलावर आहे, तिथे हा वाद एका फायलीत असतो: सामूहिक वनहक्काचा दावा, म्हणजे गावाने मिळून जंगलावर मागितलेला कायदेशीर हक्क. ही फाईल नीट वाचली, की दोन बाजू वेगळ्या काढणं अवघड जातं.

कारण साधं आहे. जंगल राखायचं म्हणजे कुणाला तरी ‘इथे तोडू नको’ असं सांगावं लागतं. ते सांगण्याचा अधिकारच ज्या गावाला नाही, ते गाव गस्त घालून काय करणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने तो अधिकार दिला. कलम ३ मध्ये आपलं सामूहिक वनक्षेत्र राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे, तर कलम ५ मध्ये वन्यजीव, जंगल, पाणलोट आणि जैवविविधता सांभाळण्याचा ग्रामसभेचा अधिकार. याच कायद्यातलं एक वाक्य पर्यावरणप्रेमींच्या वाचनातून हटकून सुटतं. वन्यजीवांसाठी म्हणून माणसं हलवायची तर आधी त्यांचे हक्क निश्चित झाले पाहिजेत, ग्रामसभेची लेखी संमती पाहिजे. आणि एकदा माणसं उठवली, की ती जागा पुढे कुठल्याही दुसऱ्या कामासाठी वळवता येत नाही. वाघाच्या नावाने गाव उठवायचं आणि नंतर तिथे खाण काढायची, ही वाट कायद्याने बंद केली आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांपुढे ठेवायला लावला, तेव्हा बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. डोंगर वाचला तो या नकाराच्या हक्कामुळे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायला निघाले, तर वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा (२०१७ पर्यंत) बांबू हे झाड होतं, वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाने वेचून विकायचा माल. दोन व्याख्यांच्या चिमट्यात गाव अडकलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा परवाना ग्रामसभेची समितीच देते आणि त्यावर शुल्क किंवा स्वामित्वधन लावता येत नाही.

आता दाव्याकडे. सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्याच पानावर होते. नमुना अ वैयक्तिक जमिनीसाठी, नमुना ब सामूहिक वापराच्या हक्कांसाठी (चराई, मोह, तेंदू, मासे), आणि नमुना क जंगलाच्या व्यवस्थापनासाठी. बरीच गावं ‘सामूहिक’ हा शब्द पाहून फक्त ब भरतात. मग मोह वेचायचा हक्क मिळतो, पण कूपतोडीला (वनखात्याच्या ठरवून केलेल्या झाडतोडीला) ‘थांबा’ म्हणता येत नाही. दोन्ही भरा.

ग्रामसभा भरताना गणपूर्ती सदस्यांच्या निम्म्याहून कमी नको, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. सभा भरते, ठरावही होतो, पण बायांच्या सह्या-अंगठे दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून घेतले जातात. हा मोह टाळा; दावा परत पाठवायला एवढं निमित्त पुरतं. दावे घेऊन तपासणाऱ्या गावाच्या वनहक्क समितीत १० ते १५ जण. सभा गावाची, पाड्याची किंवा टोल्याची घ्यावी; गटग्रामपंचायतीची एकच सभा घेतली, तर पाच टोल्यांच्या शिवा एकमेकांत मिसळतात.

शीव हा खरा कळीचा भाग. कागदावर ‘कक्ष क्रमांक अमुक’ (कक्ष म्हणजे वनखात्याने पाडलेला जंगलाचा तुकडा) लिहून चालत नाही, कारण एका कक्षाचं जंगल अनेकदा दोन गावांत वाटलेलं असतं. कक्ष पूर्ण की भाग, हे लिहायचं राहिलं की दोन गावांच्या दाव्यांची बेरीज कक्षाच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त भरते, आणि फाईल ग्रामसभेच्या वरच्या पायरीवर, उपविभागीय समितीत, आडवी होते. म्हणून आधी म्हाताऱ्यांना घेऊन शीव चाला. नाला, देवराई, जुनं मसण, पडकी विहीर, वेगळा उभा असलेला मोह, अशा प्रत्येक खुणेवर जीपीएसचं वाचन घ्या आणि वहीत खुणेचं बोलीतलं नाव लिहा. शेजारच्या गावाच्या वनहक्क समितीबरोबर एकत्र बसून त्यांच्याही सह्या घ्या. वाद राहिलाच, तर दोन्ही बाजू लिहून वर पाठवा. लपवून ठेवलेला वाद जागेवरच्या पडताळणीत वर येतोच.

पुरावे दोन तरी हवेत. निस्तार पत्रक (गावाच्या जंगलवापराची जुनी नोंद), जुनं गॅझेटियर आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात, आणि शिवेवरच्या खुणाही. उपग्रह चित्र नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, तसंच एकच विशिष्ट कागद आणा असा हट्टही धरता येत नाही. पडताळणीच्या दिवसाची लेखी सूचना वनखात्याला द्या आणि पोच सांभाळून ठेवा. त्यांचा माणूस आला नाही आणि पुढे त्याच कारणाने हरकत घेतली, तर सामूहिक दाव्याची फेरपडताळणी होते. तेव्हाही गैरहजर राहिला, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पोच नसेल, तर हा नियम असून नसून सारखाच. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं.

पट्टा, म्हणजे मंजूर हक्काचा कागद, हाती आला की फोटोआधी तो वाचा. नाव ग्रामसभेचं आहे की वनखात्याने स्थापलेल्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीचं? आणि ‘वनखात्याच्या कार्ययोजनेनुसार’ अशी एखादी अट त्यात घुसली आहे का? असेल तर ठराव करून दुरुस्तीला परत पाठवा. त्या एका ओळीत व्यवस्थापनाचा हक्क विरघळतो.

आक्षेप घेणारे म्हणतात, हक्क दिले की लोक जंगल ओरबाडतील. वैयक्तिक पट्ट्यांपुरती ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच तिथे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि ४ हेक्टरची मर्यादा आहे. सामूहिक जंगलातला खरा धोका बांबूच्या ठेकेदाराचा. त्याला सगळा माल एका हंगामात हवा असतो.

मानवेल या बांबूचं बेट बघा. नवे कोंब कडेने फुटतात, जुने वासे मधोमध राहतात. तोडणारा हाताशी येणारे कडेचे कोवळे वासे कापतो आणि मधली गचपण तशीच ठेवतो, कारण आत हात घालणं जिवावर येतं. दोन हंगामांत बेट गुदमरतं. म्हणून यंदाचे आणि गेल्या वर्षीचे वासे सोडायचे. पेऱ्यावर आवरण चिकटलेलं आणि पांढुरकी भुकटी दिसली, तर तो कोवळा. तोड जमिनीपासून १५ ते ४५ सेंटीमीटरच्या दरम्यान, पेऱ्याच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्यात कोयता बंद, आणि कंद उकरणं कधीच नाही. जंगलाचे तीन किंवा चार तुकडे पाडून दर वर्षी एकाच तुकड्यात तोड. त्या तुकड्याचं नाव ठरावात आणि करारात दोन्हीकडे लिहायचं. फेरा पुरा करून पहिल्या तुकड्यात परतल्यावर बेटांच्या कडेला नवे वासे दिसले नाहीत, तर ठेकेदाराने भाव कितीही चढवला तरी त्या तुकड्याला आणखी एक वर्ष विश्रांती.