मे महिन्यात पोरांना घेऊन बेळगाव

माझं माहेर बेळगावचं, वडगावात. लग्न होऊन पुण्याला आले त्याला पंधरा वर्षं झाली, दर सुट्टीत जातेच, पण जाऊन करायचं काय तर आईच्या हातचं खायचं, दुपारी लोळायचं आणि संध्याकाळी खडेबाजारात एक चक्कर. मागच्या खेपेला दोन्ही पोरांनी तिसऱ्याच दिवशी "बोर होतंय" सुरू केलं. थोरला सातवीतला, धाकटी तिसरीतली. म्हटलं यावेळी पाहुण्यासारखं गाव फिरायचं. दहा दिवस होतो, त्यातलं जमलेलं आणि फसलेलं दोन्ही सांगते.

सगळ्यात आधी तारखा, कारण इथंच बहुतेकजण चुकतात. कर्नाटकात शाळांना साधारण ११ एप्रिलला सुट्टी लागते आणि २९ मेला शाळा परत सुरू. आपल्याकडे महाराष्ट्रात सुट्टी लागते मेच्या सुरुवातीला आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे मामेभावंडं आणि आपली पोरं एकत्र मोकळी फक्त मे महिन्यातच, आणि तेही २८ तारखेपर्यंत. आम्ही एकदा "सावकाश जाऊ, गर्दी कमी असते" म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो तर भाचा सकाळी दप्तर घेऊन शाळेला आणि आमची दोघं दारात बसून त्याची वाट बघत. तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिकडच्या पोरांची शाळा कधी उघडते ते विचारा, बाकीचं नंतर.

जायला पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही कारने गेलो, रस्त्याचं काम चालू होतं, धाकटीला दोनदा उलटी झाली, आठ तास लागले. येताना रेल्वेने आलो ते कितीतरी बरं, मिरजेवरून येते, पोरं झोपून येतात. एसटीने जाणार असाल तर बायकांचं हाफ तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, कोगनोळीच्या पुढचे पूर्ण पैसे. आणि कधीमधी सीमाप्रश्नावरून काहीतरी पेटलं की दोन्हीकडच्या बसा हद्दीवर थांबतात, तेव्हा निघायच्या आदल्या रात्री घरी एक फोन करायचा.

तिकडच्या बसची तर वेगळीच गंमत. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. वहिनीनं आधार दाखवलं, कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. माझं आधार पुण्याचं, मला पूर्ण आणि धाकटीला हाफ. जन्म इथला, शाळा इथली, कॉलेज इथलं आणि वहिनी निपाणीची, पण फुकट तिला! दादा म्हणाला, "मग काय गं, तू आता फॉरेनर की."

सिटी बसचे बोर्ड कन्नडमध्ये असतात, बऱ्याचदा आकडेसुद्धा. भाचा मराठी शाळेत शिकतो पण कन्नड त्याला येतं, सीबीटीला, म्हणजे सिटी बस स्टँडला, उभा राहून लांबूनच बोर्ड वाचून "ही आपली नव्हे, मागची" सांगायचा आणि आमचा थोरला, जो एरवी कुणाचं ऐकत नाही, तो तोंड उघडं टाकून बघायचा. दुसऱ्या दिवशी अंगणात खडूनं एक ते दहा कन्नड आकडे लिहून धडा चालू. धाकटी चार दिवसात "एष्टरी?" विचारून करवंदांचा भाव करायला लागली. एष्ट म्हणजे किती, आणि शेवटी री लावायचा, तो मानाचा. बाजारात मराठी सगळ्यांना येतं, अडत काही नाही, पण असा एखादा शब्द टाकला की समोरचा खूश होतो. रिक्षाला मीटर असतो आणि तो कुणी टाकत नाही, तेव्हा बसायच्या आधी बोलून घ्या.

हवा. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, सातशे मीटरच्या वर आहे गाव, पण मे मधल्या दुपारी ते विसरायचं. सकाळी सातला सुरेख, अकरानंतर भाजतं, आणि चार-पाचला ढग भरून आले की वळीव, कधी गारा पण. आमचा नियम होता सकाळी सात ते साडेदहा एक ठिकाण, दुपारी घर, फणस, पत्ते, झोप, आणि संध्याकाळी पाऊस नसेल तर दुसरं ठिकाण. दिवसाला दोनाच्या वर काही ठेवू नका. वळिवात लाईट जाते, टॉर्च लागतो. आणि नातेवाईकांकडे उतरणार असाल तर पाण्याचा दिवस विचारा. काही वॉर्डात चोवीस तास पाणी आहे, आमच्या गल्लीत नाही, पाणी आलं की आई सगळ्यांना उठवते. चार माणसं वाढली की पिंपं लवकर संपतात, तेव्हा आंघोळीला एकच बादली हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

किल्ला सकाळी केला. दारातच गणपती आणि दुर्गेचं देऊळ, भोवती खंदक, आत बराचसा भाग लष्कराचा, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा आणि कुठंही मोबाईल काढून फोटो मारत सुटू नका. आतली कमल बस्ती बघाच. जैन मंदिर आहे, १२०४ सालचं, नेमिनाथांची मूर्ती. छताला मधोमध दगडाचं कमळ उलटं लटकतंय. आमची धाकटी पाकळ्या मोजायला म्हणून गार फरशीवर सरळ उताणी झोपली, मोजता मोजता चुकायची, परत पहिल्यापासून. मी उठवायला गेले तर तिथले एक आजोबा म्हणाले, "राहू दे ओ ताई, बघू दे." वीस मिनिटं! मी या गावात बावीस वर्षं राहिले आणि मान वर करून ते कमळ कधी बघितलं नव्हतं. थोरल्याला मात्र १५१९ ची सफा मशीद आणि खंदक यातच रस. किल्ल्याच्या तळ्याजवळचा ११० मीटरचा ध्वजस्तंभ बघून तो घरी जाऊन किती मजले होतील याचं गणित करत बसला.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध हे स्मारक आहे, काँग्रेसचं १९२४ चं अधिवेशन इथं भरलं आणि गांधीजी अध्यक्ष झाले ते फक्त या एकाच अधिवेशनाचे. अर्ध्या तासात होतं, पोरगं सहावी-सातवीचं असेल तर न्या, लहानगी कंटाळतात.

आता फसलेलं. गोकाकचा धबधबा. मीच हट्ट केला, दादा नको म्हणत होता. साठेक किलोमीटर, बेळगावपेक्षा ऊन जास्त, आणि गेलो तर घटप्रभेत पाणीच नाही. पोरांना व्हिडिओ दाखवून नेलं होतं, पावसाळ्यातला, तांबडं पाणी १७० फुटांवरून कोसळतंय, आणि समोर तापलेला काळा खडक आणि एका कोपऱ्यात ओल. मी आपली माहिती देतेय, इथं १८८७ मध्ये या पाण्यावर वीज तयार केली वगैरे, तर धाकटी म्हणते, "कुठल्या पाण्यावर?" गप्प बसले. करदंट, म्हणजे तिकडची डिंक-सुकामेव्याची मिठाई, घेतला आणि परत. गोकाक जुलैनंतरच, मे मध्ये कुणी कितीही म्हटलं तरी जाऊ नका.

त्यापेक्षा येळ्ळूरचा राजहंसगड. गावापासून जवळ, वरपर्यंत गाडी जाते, २०२३ मध्ये बसवलेला महाराजांचा मोठा पुतळा आहे, संध्याकाळी साडेपाचला गेलं की वारा असा की धाकटीची टोपी उडाली ती गेलीच. वर सावली नाही, पाणी घेऊन जा, आणि ढग गडगडायला लागले की लगेच खाली उतरा. भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय हायवेलाच आहे, वाघ-सिंह बघायचे तर सकाळी, दुपारी सगळे सावलीत पसरलेले असतात. गाडी असेल तर खानापूरकडे हलशीला जा, कदंबांच्या वेळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, गर्दी अजिबात नाही. वाटेत बायका करवंदं-जांभळं घेऊन बसतात. लाल माती आहे, पांढरे कपडे घालू नका.

पण पोरांना विचाराल तर ती एकच गोष्ट सांगतील, शिवजयंतीची मिरवणूक. बेळगावात शिवजयंती तिथीनं करतात, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी, आणि चित्ररथ त्यानंतर एक-दोन दिवसांनी रात्री निघतात. कधी एप्रिलमध्ये येते कधी मे मध्ये, ज्या वर्षी मे मध्ये येईल त्या वर्षी बाकी सगळं बाजूला ठेवून तेव्हाच जा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे असतात, गल्लीगल्लीतली पोरंच मावळे होतात. भाचा मावळा होता, दाढी चिकटवलेली, हातात ढाल, प्रसंग चालू असताना पुतळ्यासारखा उभा. ट्रॉली दोन पावलं पुढं गेली की वहिनी खालून पाण्याची बाटली वर द्यायची, तो मिशी एका हातानं धरून प्यायचा आणि परत डोळे वटारून उभा. एकजण लांब बांबू घेऊन वरच्या केबली उचलत पुढं चालला होता, आमच्या थोरल्याला म्हणे पुढच्या वर्षी ते काम पाहिजे. रात्री दोन वाजले तरी घरी यायला तयार नाहीत. गाडी मिरवणुकीच्या रस्त्यांवर नेऊच नका, सगळं बंद असतं. पोरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी टाका, कानात कापूस द्या, आणि ओळखीच्या कुणाच्या जिन्यावर जागा मिळते का ते संध्याकाळीच बघून ठेवा.

येताना कुंदा, ती बेळगावची दुधाची मिठाई, निघायच्या दिवशी घ्या, उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका. मांडे न्यायचे तर हातात, मांडीवर. आम्ही बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवले, पुण्याला उघडलं तर सगळा चुरा आणि थोरल्याच्या टीशर्टांना पिठीसाखर. दुधात घालून खाल्ला.